कंपनी, मुक्काम पोस्ट जालना

बदनापूर, २१ सप्टेंबर १८०३. दिवस कलतीला लागलाय. पायाखाली पावसाळ्यातली काळी माती, एका पावलाला पावशेर चिकटणारी. तुम्ही उभे आहात ते लष्करामागच्या बाजारबुणग्यांत. न्हावी, कलाल, गवत-दाणा विकणारे, आणि ज्यांच्यावाचून हे लष्कर एक मजलही पुढं सरकणार नाही ते बंजारे. त्यांच्या बैलांच्या पाठीवर धान्याच्या गोण्या आहेत. तिकडं तंबूत चौतीस वर्षांचा आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांची मसलत चाललीय. शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजा भोकरदनच्या अंगाला उतरल्यात. एकानं पूर्वेच्या वाटेनं जायचं, दुसऱ्यानं पश्चिमेच्या, आणि दोघांनी मिळून त्यांना गाठायचं, असं ठरतंय. जालना शहर तर स्टीव्हन्सननं महिन्याच्या सुरुवातीलाच घेतलं.

शेजारच्या बंजाऱ्याला तुम्ही विचारता, "बाबा, हे लष्कर कुणाचं?"

"कुंपणीचं."

"कुंपणी म्हणजे कोण? बाई का बुवा?"

"मला काय ठावं? धान्याचे पैसे रोख मोजती, येवढं ठावं."

त्याला हसू नका. कंपनी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं गेट, हजेरीचं मशीन आणि पीएफचा आकडा येतो. या माणसापुढं कंपनी आलीय ती तोफा ओढत. मराठी कागदांत तिला 'कुंपणी' लिहायची रीत पडली होती. कुंपणाशी त्या शब्दाचं नातं काही नाही, पण कुंपणानंच शेत खाण्याची म्हण ज्या भाषेत आहे तिथं हा उच्चार रुळावा यात मला तरी मजा वाटते.

गोंधळात भर म्हणजे कंपनीच्या आत आणखी कंपन्या आहेत. पलटणीचे तुकडे पाडतात, शंभराच्या आतबाहेर शिपायांचा एक तुकडा, त्यावर एक कप्तान. त्या तुकड्यालाही इंग्रजीत हेच नाव. म्हणजे मद्रासकडून चालत आलेला हा तेलुगू शिपाई कंपनीच्या कंपनीत चाकरीला आहे. पहिली कंपनी लंडनच्या व्यापाऱ्यांची, दुसरी त्याच्या कप्तानाची. एक नफा मोजते, दुसरी डोकी.

दोन दिवसांनी नळणीच्या मुक्कामावरून वेलस्ली पुढं निघतो. तुम्ही आता डोलीवाल्यांत आहात. दुपारी उंचवट्यावर चढता आणि समोर केळणा नदीपलीकडं मैलोगणती पसरलेली छावणी दिसते. तीस-चाळीस हजारांचं घोडदळ, शंभरावर तोफा, आणि कवायती पायदळाच्या रांगा. वेलस्लीजवळ कवायती माणूस साडेचार हजारांच्या घरात, शिवाय म्हैसूरचे आणि पेशव्यांकडचे स्वार. स्टीव्हन्सनचा पत्ता नाही. वाटाडे सांगतात, नदीला इथं उतार नाही. वेलस्लीला दुर्बिणीतून अलीकडं पिंपळगाव आणि पलीकडं वरूड, अशी समोरासमोर दोन गावं दिसतात. तो म्हणतो, आमनेसामने गावं आहेत म्हणजे येण्याजाण्याला उतार असणारच. आपल्या कुठल्याही म्हाताऱ्यानं हेच सांगितलं असतं. पण फौजेत तसा म्हातारा कुणी विचारायला ठेवत नाही.

उतार सापडतो. तुम्ही पाण्यात शिरता तोच तोफा सुरू होतात. साहेबाच्या मागं असलेल्या स्वाराचं मुंडकं गोळ्यानं उडतं आणि बिनधन्याचा घोडा बिथरून रांगेत घुसतो. तुम्ही पलीकडं पोचता, ते केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात. समोर असई.

आणि इथं दुसरा शब्द गाठ घालतो: कंपू. शिंद्यांच्या कवायती फौजांना 'कंपू' म्हणत. तो शब्द छावणीच्या अर्थाच्या पोर्तुगीज 'कांपो'वरून आलेला. कंपनीशी त्याचा रक्ताचा संबंध नाही, नुसतं नावात साम्य. समोरच्या कंपूवर हुकूम चालतोय अँथनी पोलमनचा, जो आधी कंपनीच्याच चाकरीत हनोवरी सार्जंट होता. शेजारी बेगम समरूच्या पलटणी. आज तुम्ही "त्यांचा कंपू वेगळाय" असं ऑफिसातल्या चहाबाज टोळक्याबद्दल म्हणता, तेव्हा या तोफखान्याचं नाव घेत असता.

हे गोलंदाज वेगळ्याच मातीचे आहेत. इंग्रजांची फळी तोफांवरून पुढं गेली की मेल्याचं सोंग घेऊन पडलेले उठतात, तोफा फिरवतात आणि पाठीत बार घालतात. ७४व्या स्कॉटिश पलटणीचे जवळजवळ सगळे अधिकारी ठार किंवा जायबंदी होतात. अंधार पडेपर्यंत ९८ तोफा कंपनीच्या हाती आलेल्या आहेत आणि तिची दीड हजारांवर माणसं मेलेली, जखमी झालेली किंवा बेपत्ता. तुमच्या डोलीचा दांडा खांद्याला रुतलाय. जोंधळ्याचं उभं पीक किती गेलं याची मोजदाद कुठल्याही खलित्यात नाही.

रात्री एक स्कॉटिश शिपाई तुमच्या बाजूला येऊन बसतो. खिशातून दगडासारखं बिस्किट काढतो, बंदुकीच्या दस्त्यानं फोडतो, अर्धं तुम्हाला देतो. ते घ्या. 'कंपनी' या शब्दाचं मूळ तुमच्या हातात आहे.

आता जमीन सोडा. बारा-तेराशे वर्षं मागं, युरोपात, सहाव्या शतकात. फ्रँक नावाच्या लोकांचा दिवाणखाना, धुरानं काळवंडलेली तुळई, लांब लाकडी फळी. फळीच्या एका बाजूला भिक्षू त्यांचे कायदे लॅटिनमध्ये उतरवतोय. लॅटिनमध्ये 'कोम' म्हणजे सोबत आणि 'पानिस' म्हणजे भाकरी. एका भाकरीतले ते 'कोम्पानिओ'. लॅटिनला हा शब्द बहुधा जर्मन बोलीतल्या तशाच घडणीच्या शब्दावरून सुचलेला. तुम्हाला त्यात नवल वाटणार नाही. ज्या मुलखात 'रोटी-बेटी व्यवहार' या जोडशब्दानं पिढ्यान् पिढ्या माणसं तोलली, तिथं कुणासोबत बसून भाकर मोडायची यावरून आपलं-परकं ठरतं हे समजावून सांगावं लागत नाही. फळीवर जागा आहे, पण तुम्हाला बसायला सांगत नाहीत. तुम्ही त्यांचे कोम्पानिओ नाही.

तिथून हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत जातो आणि पोटं पाडत सुटतो. सोबत म्हणजे कंपनी. घरी आलेले पाहुणे म्हणजे कंपनी. एका कप्तानाचे शिपाई म्हणजे कंपनी. भागीत धंदा करणारे म्हणजे कंपनी. ३१ डिसेंबर १६०० रोजी लंडनमध्ये पहिली एलिझाबेथ दोनशेहून जास्त जणांना पूर्वेच्या व्यापाराची सनद देते. तुम्ही कुडकुडत त्यांच्या घोळक्यात डोकावता. बोलणं मिऱ्यांच्या भावाचं चाललंय. प्रत्येक सफरीला वेगळं भांडवल घालायचं, जहाज परत आलं की वाटून घ्यायचं. जालना हे नाव त्यांच्यापैकी कुणी ऐकलेलं असण्याचं कारण नाही. ती भाकर या जिल्ह्यात पोचायला दोनशे दोन वर्षं आणि काही महिने लागले.

परत या. जालना, १८२७. कुंडलिकेच्या काठी नवी छावणी उभी राहतेय. असईनंतर, १८०३च्या डिसेंबरात सुर्जी-अंजनगावला तह झाला, अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेचा शिंद्यांचा मुलूख गेला, त्यात जालनाही गेलं आणि निजामाच्या पदरात पडलं. बराकीच्या भिंतीला चुना चढवणाऱ्या गवंड्याला विचारा, ही पलटण कुणाची? निजामाची. पुढं तिला हैदराबाद कंटिंजंट म्हणू लागले. साहेब कुणाचे? इंग्रज. हुकूम कुणाचा? तोही त्यांचाच. मग निजामाचं काय? निजामानं पगार द्यायचा.

आणि पगाराला पैसे नसले तर? त्यासाठी हैदराबादेत आणखी एक कंपनी निघाली होती: विल्यम पामर आणि कंपनी. इंग्रज सेनापती आणि हिंदुस्थानी बेगम यांचा मुलगा पामर, जोडीला बंकटीदास नावाचे गुजराती सावकार. निजामाच्या फौजेच्या पगारासाठी हे निजामालाच कर्ज देत, व्याज शेकडा चोवीस-पंचवीसच्या घरात. चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट होऊन आला, त्यानं हा कारभार उघडा पाडला आणि १८२४ला पेढी बुडाली. कर्जाची सवय मात्र बुडाली नाही. कंटिंजंटच्या खर्चापायी १८५३ला निजामाला वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती द्यावा लागला. आपण उंडग्या पोरांच्या टोळीला "गण्या आणि कंपनी" म्हणतो, तो 'आणि कंपनी' असल्या पेढ्यांच्या पाटीवरून उतरलेला. टोळीचा अर्थ लोकांनी मागाहून जोडला असं मला वाटत नाही.

जालन्याजवळ बेथेलला थोडं जास्त थांबा. १८७४चा जून घ्या. याच महिन्याच्या एक तारखेला लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनी कायद्यानं विसर्जित झाली. राज्य तर १८५८लाच राणीकडं गेलेलं, उरलं होतं ते नाव, तेही पुसलं. इथं कुणाला त्याची खबर नाही. निजाम सरकारनं सालारजंगाच्या दिवाणगिरीत दिलेल्या जमिनीवर ही ख्रिस्ती वस्ती वसलीय. वसवणारे नारायण शेषाद्री, जन्मानं ब्राह्मण, १८४३ला ख्रिस्ती झालेले, स्कॉटिश मिशनचे पाद्री. गेल्याच साली न्यूयॉर्कच्या परिषदेला जाऊन आलेले.

रविवार आहे. तुम्ही चप्पल दाराशी काढून मागं बसता. पुढच्या रांगांत बहुतेक मांग समाजातली माणसं, ज्यांना गावात पाणीसुद्धा वरून ओतून मिळायचं. शेषाद्री भाकर मोडतात. मराठी बायबलनं तिथं पाव म्हटलेलं नाही, भाकरच म्हटलंय. ज्यानं कुणी तो शब्द निवडला त्याला जेवणाऱ्यांची ओळख होती. तुकडा हातोहात पुढं सरकतो. ज्याच्या सावलीचा विटाळ मानायचा त्याच्या बोटांतून तो तुमच्याकडं येतो, तुमच्याकडून तुमच्या शेजाऱ्याकडं. मिशन, धर्मांतर, निजामाची जमीन, यावर भांडायला भरपूर जागा आहे आणि त्या काळीही लोक कडाकडा भांडलेच. मला एवढंच दिसतं, की जालन्यात आलेल्या सगळ्या कंपन्यांत 'सोबत' आणि 'भाकर' हे दोन्ही तुकडे शब्दाबरहुकूम जिथं जुळले त्या जागेला कुणी कंपनी म्हणत नव्हतं.

पुढचा टप्पा झटपट. शतक उलटतं, मनमाड-सिकंदराबाद रेल्वे जालन्यावरून जायला लागते. तीही एक कंपनी, लंडनमध्ये भांडवल उभारलेली. निजाम सरकारनं ती १९३०ला विकत घेतली. फलाटावर पडद्यांच्या वळकट्या आणि पेट्या उतरल्या की पोरं ओरडतात, "नाटक कंपनी आली!" खरं तर बहुतेक मराठी नाटकवाल्यांनी स्वतःला कंपनी म्हणवून घेतलं नव्हतं. १८८०ची किर्लोस्कर नाटक मंडळी, १९१३ची गंधर्व नाटक मंडळी. पण प्रेक्षक म्हणायचे गंधर्व कंपनी. मंडळी या शब्दाची गोची बघा: पाटीवर मंडळी, श्रोत्यांना उद्देशून मंडळी, आणि जुन्या पुरुषांच्या तोंडी "आमची मंडळी माहेरी गेलीय" म्हणजे एकटी बायको. सिनेमावाल्यांनी घोळ मिटवला. १९२९ला कोल्हापुरात प्रभात निघाली ती सरळ फिल्म कंपनी म्हणून.

आता शेतात चला. सत्तरचं दशक सरत आलंय. जालन्याजवळच्या कपाशीच्या प्लॉटमध्ये सायंकाळी चार वाजता तुम्ही बायकांच्या ओळीत उभे आहात. "कंपनीचा प्लॉट हाय, पाती तोडू नका," मुकादमीण बजावते. ही कंपनी म्हणजे महिको, महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, १९६४ला जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांनी काढलेली. सुरुवात भेंडीच्या बियाण्यापासून. पुढं १९९८ला त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

शेजारची बाई दाखवते तसं करा. उद्या उमलणारी कळी निवडा. अंगठ्याचं नख तिच्या बुडाशी अलगद रोवा, पाकळ्यांसकट पुंकेसरांची नळी गोल सोलून काढा. मधली काडी मोडता कामा नये, ती मोडली की बोंड गेलं. सोललेल्या कळीला खुणेचा दोरा बांधा. उद्या सकाळी नराच्या ओळीतलं फूल आणून या काडीवर फिरवायचं. एक फूल, एक बोंड, पंचवीस-तीस सरक्या. तुमच्या नखाखाली हिरवा चीक बसलाय. ओळीतल्या बाईचं नख वर्षानुवर्षांच्या कामानं एका बाजूनं झिजलंय.

या कंपनीनं कणगीतलं बियाणं हलवलं. संकरित वाणाची सरकी पुढच्या वर्षी पेरली तर आईबापांचे गुण विखुरतात, पीक एकसारखं येत नाही, म्हणून दर मृगाला पिशवी विकत घ्यायची. बोंडं वाढली, कर्ज काढायचं एक कारणही वाढलं. २००२ला बीटी कपाशीला परवानगी मिळाली त्यातही महिको होतीच. जालन्यातला शेतकरी एका वाक्यात दोन्ही बोलतो: कंपनीच्या बियाण्यानं घर बांधलं, कंपनीच्या बियाण्यानं विहीर गहाण पडली. कुठल्या हंगामात विचारता त्यावर आहे.

आणि आज. एमआयडीसी, सकाळची पाळी सुटण्याची वेळ. आत भंगार वितळतं, त्याचे ठोकळे होतात, ठोकळ्यांच्या सळया. हवेत लोखंडाचा जळका वास. "पोरगा कंपनीत लागला" हे वाक्य इथं लग्नाच्या बैठकीत चालतं; कुठल्या कंपनीत, ते दुसऱ्या चहाला विचारायचं. टपरीवर तुमच्या बाजूला बसलेल्या बिहारी पोराच्या गळ्यातलं ओळखपत्र बघा, त्यावर नाव ठेकेदाराचं आहे. तो कंपनीत आहे, कंपनीचा नाही. मराठीच्या एका प्रत्ययात अख्खा कामगार कायदा बसतो.

त्याच्या ताटलीत मिसळ आणि पाव. पाव हा पोर्तुगीजांचा 'पांव', तोही त्याच लॅटिन 'पानिस'चा नातू. गोव्याकडून घाट चढून आलेला पाव आणि लंडनहून तोफा घेऊन आलेली कंपनी, ही चुलत भावंडं, या टपरीवर एकमेकांना ओळख न देता बसलीत. पोरगा दोनपैकी एक पाव तुमच्यापुढं सरकवतो. तुम्ही नको म्हणता. "अरे लो ना, कंपनी दो," तो म्हणतो.

शेवटचं ठिकाण भोकरदनकडचं एक गाव, मारुतीच्या देवळाचा सभामंडप. शेतकरी उत्पादक कंपनीची वार्षिक सभा. कंपनी कायद्यात २००२ साली बदल झाला तेव्हापासून दहा शेतकरी एकत्र येऊन कंपनी काढू शकतात. शेअर कितीही असोत, सर्वसाधारणपणे एका सभासदाला एकच मत. लाऊडस्पीकर खरखरतोय. तरुण अध्यक्ष "आपली स्वतःची कंपनी" हे तिसऱ्यांदा म्हणतो तेव्हा खांबाला टेकलेले एक काका उठतात.

"आपली म्हणता, तर माझ्या सोयाबीनला कटती कशापायी लावली?"

"काका, मॉइश्चर चौदा निघालं. बारा पायजे."

"आडत्याबी हेच म्हणायचा."

"आडत्याचा काटा तुम्ही तपासला व्हता का कधी? इथं मशीन तुमच्यासमोर लावलं."

"मशीन समोर व्हतं. वाचता मला येतंय का?"

हशा पिकतो, मग थांबतो, कारण काकांच्या मागून आणखी चार जण उठलेत. एक बाई म्हणतात, मॉइश्चरचा आकडा मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि पावतीवर मराठीत लिहायचा, असा ठराव घ्या. कुणीतरी अनुमोदन देतं. अध्यक्ष घाम पुसत म्हणतो, ठीक आहे, बाजूनं असतील त्यांनी हात वर करा. एकेक हात वर जातो. तुम्हीही करता.

सचिव चष्म्यावरून तुमच्याकडं बघतो, मग रजिस्टरात. "पाव्हणं, तुमचं शेअर न्हाई. हात खाली घ्या."